सलाईन निघाल्यानंतरचे दिवस: सायटाराबिन घेणाऱ्यांनी काय जाणून घ्यावं

सातव्या दिवशी सलाईनची शेवटची पिशवी संपते. नर्स नळी सोडवते, स्टँड भिंतीकडे सरकवते आणि खोलीतल्या सगळ्यांना जरा हायसं वाटतं. रुग्ण थकलेला असतो, जेवण नीट जात नसतं, पण बोलत असतो, उठून बसत असतो. घरचे विचारतात, "मग आता घरी कधी सोडणार?" डॉक्टर सांगतात, अजून साधारण तीन आठवडे. ऐकणाऱ्याला धक्का बसतो. औषध संपलं, मग थांबायचं कशासाठी?

ल्युकेमियाच्या उपचारांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि हा लेख मुख्यतः त्याच प्रश्नासाठी आहे. सायटाराबिन हे औषध शरीरातून काही तासांत निघून जातं. त्याचे परिणाम मात्र पुढच्या तीन-चार आठवड्यांत, ठरावीक दिवसांच्या अंतराने दिसतात. कोणत्या दिवसांत काय होऊ शकतं हे आधी माहीत असेल तर अर्धी भीती कमी होते. त्याहून मोठा फायदा म्हणजे धोक्याचं लक्षण वेळेत ओळखता येतं.

सायटाराबिनला डॉक्टर आणि नर्स बोलताना बऱ्याचदा 'आरा-सी' म्हणतात. फाइलवर कधी एक नाव दिसेल, कधी दुसरं. औषध एकच. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, या रक्ताच्या कर्करोगात ते गेली अनेक दशकं उपचाराचा कणा आहे. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, या दुसऱ्या प्रकारातही ते वापरतात.

समुद्रातल्या स्पंजपासून सुरुवात

या औषधाची मुळं कॅरिबियन समुद्रात आहेत. १९५०च्या सुमारास वर्नर बर्गमन हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या उथळ पाण्यातल्या एका स्पंजाचा अभ्यास करत होते. त्यांना त्यात काही विचित्र रेणू सापडले. आपल्या पेशींमधला डीएनए ज्या घटकांपासून बनतो त्यांच्यासारखेच ते दिसत होते, पण त्यांतली साखर वेगळी होती. नेहमीच्या साखरेच्या जागी अरॅबिनोज नावाची साखर होती. हा धागा पकडून १९५९मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सायटाराबिन प्रयोगशाळेत तयार करण्यात आलं आणि १९६९मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

ही वेगळी साखर हेच औषधाचं हत्यार आहे. पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. समजा भिंत बांधली जाते आहे आणि विटांच्या ढिगात हुबेहूब विटेसारखी दिसणारी, पण वरचा भाग वाकडा असलेली वीट मिसळली. गवंडी ती उचलतो, बसवतो आणि पुढची वीट तिच्यावर नीट बसतच नाही. बांधकाम अडतं. सायटाराबिन पेशीत शिरलं की पेशीच त्याला स्वतःच्या हाताने तयार करून घेते, डीएनएत बसवते, आणि नक्कल तिथेच अडखळते. पेशी मरते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की हे औषध फक्त त्या क्षणी डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशींना मारतं, निवांत असलेल्या पेशी सुटतात. ल्युकेमियाच्या सगळ्या पेशी एकाच वेळी या टप्प्यावर नसतात. आज काही, उद्या काही. दुसरी अशी, की यकृतातलं एक एन्झाइम सायटाराबिनला फार लवकर निकामी करतं. रक्तातलं निम्मं औषध एक ते तीन तासांत संपतं. दोन्ही एकत्र ठेवा, म्हणजे सलाईन रात्रंदिवस सात दिवस का चालू ठेवतात ते कळेल. औषध टिकत नाही आणि पेशी आपापल्या वेळी टप्प्यात येतात, म्हणून जाळं सतत टाकलेलं ठेवावं लागतं. पंप वाजायला लागला, नळी दुमडली, बाथरूमला जाताना सलाईन बंद करून ठेवली, तर नर्सला लगेच सांगा. या औषधाच्या बाबतीत वेळ हा डोसचाच भाग आहे.

गोळी का नाही, असंही विचारतात. पोटातून घेतलं तर आतडं आणि यकृत मिळून बहुतेक औषध रक्तात पोचण्याआधीच निकामी करतात. त्यामुळे ते शिरेतून, त्वचेखाली किंवा पाठीच्या मणक्यातून द्यावं लागतं.

एकाच नावाचे तीन वेगळे उपचार

वेटिंग रूममध्ये लोक अनुभव सांगतात. "आमच्या काकांना आरा-सी दिलं, काहीच त्रास झाला नाही." शेजारची बाई म्हणते, "माझ्या भावाला डोळ्यांचा इतका त्रास झाला की विचारू नका." दोघंही खरंच सांगत असतात. फरक डोसचा असतो आणि तो फरक प्रचंड आहे.

डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. उंची आणि वजनावरून ते काढतात, म्हणून प्रत्येक वेळी वजन करतात. एखाद्याचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर आहे असं धरू. एएमएलच्या पहिल्या उपचारात दर चौरस मीटरला १०० ते २०० मिलिग्रॅम रोज, सात दिवस देतात. १००च्या हिशेबाने रोजचे १७० मिलिग्रॅम झाले, आठवड्याचे सुमारे १२०० मिलिग्रॅम. यासोबत पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन किंवा त्याच्या गटातलं दुसरं औषध असतं. सात आणि तीन दिवस, म्हणून या उपचाराला 'सेव्हन प्लस थ्री' म्हणतात.

आजार आटोक्यात आल्यावर उरल्यासुरल्या पेशी संपवायला पुढच्या सायकली, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेऱ्या, देतात. तिथे हेच औषध चौरस मीटरला १ ते ३ ग्रॅम, दर १२ तासांनी, असं देतात. एक जुनी आणि अजूनही ओळखली जाणारी पद्धत म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी दोन-दोन डोस, प्रत्येक डोस तीन तासांत. आपल्या त्याच रुग्णाला ३ ग्रॅमच्या हिशेबाने एका डोसला ५.१ ग्रॅम आणि सहा डोसना ३० ग्रॅमहून जास्त औषध मिळेल. पहिल्या उपचाराच्या पंचवीसपट. आता बरीच केंद्रं यापेक्षा कमी डोस निवडतात, वयस्कर रुग्णांसाठी तर नक्कीच.

तिसरं टोक आहे ते छोट्या डोसचं: २० मिलिग्रॅमची त्वचेखालची इंजेक्शनं, दिवसातून दोनदा, दहा दिवस. ज्यांना तीव्र उपचार झेपणार नाहीत त्यांना हे देतात, कधी व्हेनेटोक्लॅक्स या गोळीसोबत. त्वचेखालचं इंजेक्शन दर वेळी वेगळ्या जागी घ्यायचं, म्हणजे एकच जागा सुजत नाही.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: माझा डोस यांपैकी कोणता? पुढची बहुतेक माहिती त्या उत्तरावर अवलंबून आहे. दुसऱ्याच्या अनुभवावरून स्वतःचा अंदाज बांधायचाच असेल, तर निदान त्याचा डोस तरी विचारून घ्या.

सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं एक एकत्रित औषधही आहे. अमेरिकेत ते २०१७मध्ये आलं. त्याचे डोस आणि वेळापत्रक वेगळं असतं, ते साध्या सायटाराबिनच्या जागी सरसकट चालत नाही. पिशवीवरचं पूर्ण नाव वाचून दाखवायला नर्सला सांगण्यात संकोच करू नका.

पहिल्या दिवसाच्या आधी

एक विषय असा आहे, जो नंतर काढून उपयोग नसतो: पुढे मूल हवं असेल तर काय? केमोमुळे वीर्यावर आणि बीजांडांवर परिणाम होऊ शकतो. पुरुषांना, अगदी किशोरवयीन मुलांनाही, सुई लागण्याआधी वीर्य साठवून ठेवता येतं. त्यासाठी अनेकदा एक-दोन दिवस पुरतात. स्त्रियांच्या बाबतीत बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तीव्र ल्युकेमिया तेवढं थांबू देत नाही. तरीही विचारावं. निदानाच्या धक्क्यात डॉक्टरही हे विसरू शकतात, आणि रुग्णाला तर जगणं-मरणं समोर असताना असा प्रश्न काढण्याची लाज वाटते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. गर्भ राहिलेला असण्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांगा. उपचार चालू असताना आणि नंतर काही महिने स्त्री-पुरुष दोघांनीही गर्भधारणा टाळायची असते. किती महिने ते तुमचे डॉक्टर सांगतील. बाळाला अंगावर पाजणं या काळात थांबवावं लागतं.

याच वेळी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, होईल. ती सायटाराबिनसाठी नसते, सोबतच्या डॉनोरुबिसिनसाठी असते. छातीजवळच्या किंवा दंडातल्या मोठ्या शिरेत नळी बसवतील. तेही मुख्यतः त्याच कारणासाठी. सायटाराबिन शिरेबाहेर सांडलं तर सहसा मोठी इजा करत नाही, पण डॉनोरुबिसिन सांडलं तर मांस जाळतं. औषध जाताना नळीच्या जागी आग, दुखणं किंवा सूज जाणवली तर त्याच क्षणी ओरडून सांगा. "थोडं सहन करू" हा विचार इथे चालत नाही. आणि डॉनोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे.

पहिला आठवडा

सुरुवातीच्या दिवसांत ल्युकेमियाच्या पेशी झपाट्याने मरतात आणि त्यांच्यातला कचरा रक्तात उतरतो. युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फेट वाढतं, किडनीवर ताण येतो. म्हणून भरपूर सलाईन, युरिक ॲसिडची गोळी, रोज रक्ततपासणी आणि लघवीचं मोजमाप. लघवी मोजायचा डबा कंटाळवाणा वाटतो खरा, पण किडनीचं काम कसं चाललंय हे त्यावरून सगळ्यात आधी कळतं. लघवी कमी झाली, हात-पाय आखडले, छातीत धडधड झाली तर सांगायचं.

मळमळ होईल, पण पूर्वीइतकी भयंकर नाही, कारण उलटीवरची औषधं आता चांगली आहेत. ती उलटी व्हायच्या आधी घ्यायची असतात. औषध जोरात दिलं तर मळमळ जास्त होते, हळूहळू दिलं तर कमी.

काही जणांना औषधामुळेच ताप येतो. डोसनंतर सहा ते बारा तासांनी थंडी-ताप, अंग आणि हाडं दुखणं, अंगावर लाल पुरळ, डोळे लाल होणं. याला सायटाराबिन सिंड्रोम म्हणतात आणि तो स्टेरॉइडने आटोक्यात येतो. पण एक लक्षात ठेवा: ताप औषधाचा आहे की जंतूंचा, हे बाहेरून बघून कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून डॉक्टर रक्ताचे नमुने घेतात, अँटिबायोटिक सुरू करतात आणि मगच औषधाच्या तापाचा विचार करतात. "मागच्या वेळी असाच आला होता, आपोआप गेला" असं म्हणून घरी थांबायचं नाही.

खरा कठीण काळ

आता मूळ प्रश्नाकडे. पिशवी संपल्यावरही थांबायचं कशासाठी?

रक्ताच्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोत, तयार होतात. सायटाराबिनने तिथल्या ल्युकेमियाच्या पेशींबरोबर निरोगी कारखानाही बंद पाडलेला असतो. बाजारात माल काही दिवस दिसत राहतो, कारण आधी तयार झालेल्या पेशी रक्तात फिरत असतात. त्या संपतात तेव्हा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, कोसळतात.

सायटाराबिनच्या बाबतीत पांढऱ्या पेशींची पडझड दोन टप्प्यांत होते, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. पहिली घसरण लगेच सुरू होते आणि सातव्या ते नवव्या दिवसाच्या आसपास तळ गाठते. मग बाराव्या दिवसाच्या सुमाराला काउंट किंचित वर येतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. त्यानंतर दुसरी, जास्त खोल घसरण होते आणि तिचा तळ पंधराव्या ते चोविसाव्या दिवसांत कधीतरी येतो. पुढच्या दहा दिवसांत मज्जा सावरते. प्लेटलेट पाचव्या दिवसापासून ठळकपणे कमी होऊ लागतात आणि बाराव्या ते पंधराव्या दिवसांत सगळ्यात खाली असतात. हे दिवस औषधाच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. माणसागणिक आणि सोबतच्या औषधांप्रमाणे ते मागेपुढे होतात, आणि आजारच मज्जेत भरलेला असेल तर काउंट मुळातच खालून सुरू होतात. तरी बाराव्या दिवसाचा तो छोटा चढ बघून आनंदात काळजी सैल सोडू नका, एवढं सांगायलाच हवं.

रिपोर्टमध्ये दोन आकडे बघायला शिका. एक न्यूट्रोफिलचा. हे जंतूंशी लढणारे शिपाई. ते ५००च्या खाली गेले की साधा जंतूही रक्तात पसरू शकतो. दुसरा प्लेटलेटचा. निरोगी माणसात ते दीड ते साडेचार लाख असतात. १०,०००च्या खाली गेले की रक्तस्राव होत नसला तरी सहसा प्लेटलेट चढवतात. हिमोग्लोबिन कमी झालं तर रक्त चढवतात. या काळात रक्त किंवा प्लेटलेट लागणं हे तब्येत बिघडल्याचं लक्षण समजू नका. उपचाराच्या आखणीत ते धरलेलंच असतं.

ताप १०१ फॅरनहाइटला एकदा जरी पोचला, किंवा १००.४च्या वर तासभर राहिला, तर ती आणीबाणी आहे. रात्रीचे दोन वाजलेले असोत की सुट्टीचा दिवस असो. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. तापमान मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका. त्याने ताप झाकला जातो, जंतू तसेच राहतात. स्टेरॉइड चालू असेल तर मोठा संसर्ग असूनही कधीकधी ताप येत नाही. म्हणून ताप नसतानाही हुडहुडी भरली, चक्कर आली, रुग्ण गुंगीत वाटला किंवा "काहीतरी बिनसलंय" असं त्याचं त्यालाच वाटलं, तरी फोन करायचा.

तापमान काखेत किंवा तोंडात मोजा, गुदद्वारात कधीच नाही. एनिमा किंवा तिथून घ्यायची औषधंही नकोत. तिथल्या नाजूक त्वचेला खरचटलं तर जंतूंना दार उघडं होतं. अंगदुखीला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने प्लेटलेटचं उरलंसुरलं काम थांबतं. दात मऊ ब्रशने घासा. रेझर नको. शौचाला जोर करावा लागत असेल तर वेळीच सांगून औषध घ्या. पाळी येणाऱ्या बायकांनी पाळीची तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी. प्लेटलेट पडलेले असताना रक्तस्राव खूप होऊ शकतो आणि पाळी लांबवण्याच्या गोळ्या असतात.

तोंडाचा त्रास याच काळात सुरू होतो. जीभ, गालांची आतली बाजू सोलवटते, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा चुळा भरा, त्रास सुरू होण्याआधीपासूनच. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. वेदना जास्त असेल तर जेवणाआधी घ्यायची वेदनाशामक औषधं मागा. तोंडात जे दिसतं तेच आतड्यात सगळीकडे होत असतं. पोटात, विशेषतः उजव्या बाजूला खाली, दुखू लागलं आणि सोबत ताप किंवा जुलाब असतील तर लगेच दाखवा. आतड्याच्या भिंतीचा तो गंभीर संसर्ग असू शकतो. त्यावर जुलाब थांबवायची गोळी मनाने घेणं घातक आहे.

मोठा डोस असेल तर: सही आणि डोळ्यांचे थेंब

मोठ्या डोसच्या वेळी वॉर्डात एक गोष्ट दिसते, जिचं रुग्णांना नवल वाटतं. प्रत्येक डोसआधी नर्स एक कागद पुढे करते आणि म्हणते, "इथे सही करा." कागदावर कालच्या, परवाच्या सह्या एकाखाली एक असतात. मग ती म्हणते, माझ्या बोटाला हात लावा, आता स्वतःच्या नाकाला. पुन्हा. भराभर. डोळ्यांनी माझं बोट कुठे जातंय ते बघा. चार पावलं सरळ चालून दाखवा. एखादं वाक्य मोठ्याने म्हणा.

ही मेंदूच्या मागच्या भागाची, लहान मेंदूची तपासणी आहे. शरीराचा तोल आणि हालचालींचा नेमकेपणा तो सांभाळतो. मोठ्या डोसमध्ये सायटाराबिन मेंदूत भरपूर पोचतं आणि काही जणांत लहान मेंदूला इजा करतं. अक्षर लोळायला लागतं, जीभ जड होते, चालताना झोक जातो, डोळे आडवे थरथरतात, झोप आवरत नाही. यातलं काहीही दिसलं की पुढचा डोस थांबवतात. वेळेत थांबवलं तर बहुतेकांचा त्रास काही दिवसांत ओसरतो, पण काहींच्या बाबतीत थोडा कायम राहतो. त्या कागदावरची वाकडी झालेली एक सही पुढचं मोठं नुकसान वाचवू शकते.

नर्सच्याही आधी घरच्यांना हे कळतं. रोजचं बोलणं, रोजचं हसणं त्यांच्या ओळखीचं असतं. "आज बोलताना शब्द ओढतोय" असं वाटलं तर "दमला असेल" म्हणून सोडून देऊ नका. डोस लागण्याआधी सांगा. साठीच्या पुढचे रुग्ण आणि किडनी मंद झालेले रुग्ण यांना धोका जास्त असतो. किडनीतून कचरा निघाला नाही तर औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा बघूनच डोस देतात. आज क्रिएटिनिन किती आलं, हे विचारायची सवय लावून घ्या.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. मोठ्या डोसचं सायटाराबिन अश्रूंतही उतरतं आणि बुबुळावरच्या पातळ थराच्या पेशींची वाढ थांबवतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, उजेड सहन होत नाही, पाणी येतं. ते टाळण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब पहिल्या डोसपासून दर काही तासांनी घालतात आणि शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन दिवस चालू ठेवतात. डोळे ठणठणीत वाटत असतानाही. मध्यरात्री झोपमोड करून थेंब घालणाऱ्या नर्सचा राग येतो, ते समजण्यासारखं आहे, पण ती वेळ चुकवू देऊ नका. घरी सोडताना थेंब किती दिवस चालू ठेवायचे ते लिहून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स तोपर्यंत पेटीतच ठेवा.

तळहात आणि तळपाय लाल होऊन दुखू शकतात, नंतर साल निघते. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर आणि सैल चपला याने आराम पडतो. दम लागायला लागला तर ते मात्र तातडीचं समजा.

पाठीतून दिलं जातं तेव्हा

ल्युकेमियाच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात लपू शकतात, विशेषतः एएलएलमध्ये. तिथे साध्या डोसचं औषध पुरेसं पोचत नाही, म्हणून कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने थोडं सायटाराबिन सोडतात. यासाठी संरक्षक रसायन नसलेलंच औषध वापरतात. नंतर काही वेळ सपाट पडून राहायला सांगतात. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, मळमळ, मान आखडणं, थोडा ताप येऊ शकतो. पाय बधिर झाले, लघवी अडली, फिट आली किंवा डोकेदुखी वाढतच गेली तर लगेच कळवा.

एएलएलच्या रुग्णांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. त्यांच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन हे औषध असतं. ते फक्त शिरेतूनच द्यायचं असतं, पाठीतून गेलं तर जीव जातो. म्हणून काळजी घेणारी रुग्णालयं दोन्ही औषधं एका वेळी एका खोलीत आणतच नाहीत. पाठीच्या इंजेक्शनआधी "हे कोणतं औषध आहे, नाव वाचून सांगा" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

घरी आल्यावर

काउंट वर यायला लागल्याचं पहिलं चिन्ह बऱ्याचदा रिपोर्टआधी तोंडात दिसतं. दोन-तीन दिवसांत फोड भरून येतात आणि माणूस स्वतःहून खायला मागतो. मग मज्जेची तपासणी होते, आजार किती आटोक्यात आला ते कळतं आणि पुढच्या सायकलींचं ठरतं. त्यांतल्या काही घरी राहून पार पडतात, म्हणजे काउंट पडतात तेव्हा रुग्ण घरात असतो. तेव्हा वर सांगितलेली सगळी काळजी घरच्यांवर येते.

शेवटच्या डोसनंतर साधारण दोन दिवस लघवी, शौच आणि उलटीतून औषधाचा अंश बाहेर पडतो. झाकण लावून दोनदा फ्लश करा, साफ करताना हातमोजे घाला, माखलेले कपडे वेगळे धुवा. गर्भवती बाईने हे काम करू नये. रुग्णाला जवळ घेणं, हात धरणं, शेजारी झोपणं यात काहीही धोका नाही, आणि भीतीपोटी ते थांबवू नका. मुलांनाही जवळ येऊ द्या. फक्त सर्दी-खोकला असलेल्याने लांब राहावं आणि सगळ्यांनी हात धुवावेत. जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लशी रुग्णाला देऊ नयेत. घरातल्या मुलाला लस द्यायची असेल तर आधी विचारा. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं काही खायला नको. हृदयासाठी डिगॉक्सिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, सायटाराबिन असलेल्या उपचारांत त्यांचं पोटातून शोषण कमी होऊ शकतं.

आणि एक कागद करा. त्यावर आजाराचं नाव, 'सायटाराबिन' हा शब्द, डोस मोठा की छोटा, या सायकलीच्या पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, शेवटच्या रिपोर्टमधले न्यूट्रोफिल, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन, चालू औषधं, ॲलर्जी आणि वॉर्डचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहा. एक प्रत रुग्णाच्या खिशात, एक दाराजवळ. ताप सहसा रात्री चढतो आणि जवळच्या ज्या दवाखान्यात धावत जाल, तिथल्या डॉक्टरने तुमची फाइल कधी पाहिलेली नसते. कागद पुढे करा आणि पहिलं वाक्य हे म्हणा: "ल्युकेमिया आहे, केमो चालू आहे, आज चौदावा दिवस आहे, ताप आहे."